अनुमोदकाच्या जागी

हो हो, पाठ आहे मला, सतीशकाका. आधी इतिवृत्त, मग सभा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर — सगळं शुक्रवारीच टाइप झालेलं हवं, म्हणजे रविवारी माणसांना फक्त साबुदाणावडे खायचं काम उरतं. मला सेक्रेटरी केलंत त्याच दिवशी शिकवलंत हे, ह्याच चर्चच्या हॉलमध्ये, आणि वर म्हणालात, ‘ईशानी, ह्यात का म्हणून विचारायचं नसतं, बावीस वर्षं मंडळ ह्याच्यावर चाललंय.’ नाही विचारलं. दोन वर्षं नाही विचारलं. आज तुम्ही पेन पुढे सरकवलंत म्हणून विचारतेय — नाही, बसते ना, बसूनच बोलते. श्यामलाकाकू, तुम्ही वाढत राहा, मला नको वडा. आवाज चढलेला नाहीये माझा. आवाज असाच आहे.

हे पत्र वाचलंय का इथे कुणी? नाही, कुणी टाइप केलं ते नाही विचारत मी — वाचलंय का? बरं. मग मीच सांगते. दरवर्षी आपलं शहर लंडनला एक यादी पाठवतं — सरकारने आम्हाला ह्या पाच गोष्टींसाठी निधी द्यावा, म्हणून. ती यादी करणाऱ्या कमिटीवर कौन्सिलर म्हणून आपले काका. आणि यादीच्या मागे लोकांची पत्रं जोडायची असतात, की बघा, जनता आमच्या पाठीशी आहे. जनता म्हणजे आपण. मंदिरवाले, मशीदवाले, बोलिंग क्लबवाले, आणि महाराष्ट्र मंडळ. सेक्रेटरीच्या सहीने. बरोबर ना काका? आणि आपल्या शहराचा लौकिक काय, तर पाच मागतं आणि पाच मिळवतं. लीड्सला जमत नाही, साउथहॅम्प्टनला जमत नाही, आपल्याला जमतं! का जमतं? कारण तुम्ही मंडळी आधी लंडनला फोन करून विचारून घेता की साहेब, काय काय द्यायचं ठरवलंयत — आणि मग तेच मागता. अहो, ह्याला मागणं नाही म्हणत. वाढलेल्या ताटावर बसून ‘मी स्वयंपाक केला’ म्हणण्यासारखं आहे हे. आणि मग मिनिस्टरबरोबर फोटो, पिवळं हेल्मेट घालून.

हात दाखवून अवलक्षण कशाला — मला वाटलंच होतं हे येणार. ‘नाही’ ऐकावं लागलं तर नाक कापलं जातं, असं ना? काका, तुम्ही ह्या देशात आलात तेव्हा असेल तसं. खोली भाड्याने मागायला गेलात, ‘नाही’ ऐकलंत, तेव्हापासून दार उघडं दिसल्याशिवाय ठोठावायचं नाही हे ठरवलंत — ऐकलीय मी ती गोष्ट, दर दिवाळीला ऐकते, मनापासून वाईटही वाटतं. पण मी इथे जन्मले. ‘नाही’ ऐकून मी मरत नाही. पाणी घरात आल्यावर मात्र माणूस मरू शकतो.

ह्या वर्षीची पहिली मागणी काय? वॉटरफ्रंट पॅव्हिलियन. वा. काचेची भिंत आहे म्हणे त्याला, नदी दिसावी म्हणून. नदी बघायला पॅव्हिलियन कशाला हवाय? नदीकाठच्या त्या गल्लीत, टॅनरी रोला जाऊन बसा — नदी स्वतः येऊन सोफ्यावर बसते शेजारी! आणि वैजयंतीकाकू, हसू नका, त्या पॅव्हिलियनमध्ये आपल्या मंडळाला वर्षातले दहा दिवस फुकट मिळणारेत. स्टेज, ग्रीन रूम, दहा दिवसांचा गणपती. हे पत्रात नाहीये, पण मला माहितीये, कारण तो ईमेल काकांनी चुकून मला पण पाठवला. खोटं बोलतेय का मी, काका? मग मान का हलवताय? बरं, ‘ते वेगळं’. असेल वेगळं.

टॅनरी रोची भिंत कुणीकुणी पाहिलीये? चामड्याच्या कारखान्याची जुनी विटांची भिंत, नदीच्या कडेने. मधेच दोन गाड्या उभ्या राहतील एवढी पडलीये. पडून पाच वर्षं झाली. तिथे कौन्सिलने वाळूच्या पिशव्या टाकल्या, आता त्या पिशव्यांवर गवत उगवलंय, परवा त्यात बदकाने अंडी घातली होती. भिंत बांधायची तर सरकारचा निधी लागतो, निधी लागतो तर यादीत नाव लागतं, आणि यादीत नाव का नाही? कारण लंडनहून कुणी ‘हो’ म्हणालं नाही. विचारलंच नाही तर कोण हो म्हणणार! चाळीस घरं आहेत तिथे. कोपऱ्यावरचं घर यमुनामावशींचं. तुम्हाला सांगायला नको, तुमच्या सगळ्यांच्या मुलांना त्यांनीच तर शनिवारी मराठी शिकवलं, पुढच्या खोलीत, वीस वर्षं, हॉस्पिटलच्या ड्यूटीनंतर. तुम्ही म्हणता ना माझं मराठी चांगलं आहे, कुठून शिकलीस म्हणून पाहुण्यांना दाखवता — त्या खोलीतून शिकले. त्या खोलीला आता जमीन नाहीये. फळ्या उपटल्यात, प्लास्टर कमरेपर्यंत खरवडलंय, आणि मावशींनी पाणी चढलं होतं तिथे भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून तारीख लिहिलीये — अकरा जानेवारी. लाइटच्या बटणाच्या बरोबर खाली. शहात्तर वर्षांची बाई वरच्या खोलीत एका केटलवर आणि एका शेगडीवर राहते. जिना उतरताना बसून उतरते, एकेक पायरी. साकेत एडिनबराहून रोज फोन करतो, आई, इकडे ये. त्या म्हणतात, माझं घर आहे, भिंत होईपर्यंत थांबते. भिंत होईपर्यंत!

भेटायला कोण गेलं होतं? नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडलेले ते नाही, गेलं कोण होतं?

थांबा, पत्र पूर्ण वाचू द्या मला, तुम्हालाच घाई. ‘टॅनरी रोच्या पूरभिंतीपेक्षा पॅव्हिलियनला प्राधान्य मिळावं ह्याला आमच्या समाजाचा, विशेषतः नदीकाठच्या सदस्यांचा, पूर्ण पाठिंबा आहे.’ विशेषतः! ‘ठराव सर्वानुमते मंजूर. सूचक, सतीश…’ ते तर दरवर्षीचंच, ‘अनुमोदक…’

काका.

हे नाव कुणी घातलं इथे? नाही, मला नीट सांगा. अनुमोदक, यमुना देवस्थळी, टॅनरी रो. हे काय आहे? पाळी होती म्हणजे? अच्छा — आळीपाळीने. सभासदांच्या यादीतून, एकेक नाव, दरवर्षी पुढचं. म्हणजे कुणी ठरवूनही नाही केलं! मागच्या वर्षी वैजयंतीकाकूंची पाळी होती, आणि काकू, त्या दिवशी तुम्ही नागपूरला नणंदेच्या तेराव्याला होतात, तरी इथे अनुमोदन देऊन गेलात, तेव्हा आपण सगळे हसलो होतो. मीही हसले. आणि ह्या वर्षी पाळी आली मावशींची, आणि तुमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही की ज्या बाईच्या घरात पाणी शिरलं तिच्याच तोंडून आपण ‘भिंत नको’ म्हणवतोय. दुष्टपणा असता ना, तर मी भांडले असते. ह्याच्याशी काय भांडायचं? ही तर सवय आहे.

बदलून देता म्हणजे? खोडून दुसरं नाव? माझं? वा, काका. ती खुर्ची कुणाच्याही नावाने भरली की झालं.

नाही, मला ऐकायचंय, बोला तुम्ही. हो, आहे लक्षात. नोकरी तुमच्या शब्दाने मिळाली. मी काम करते त्या हाउसिंग असोसिएशनच्या बोर्डावर तुम्ही आहात. आढेवेढे घेऊन सांगू नका, सरळ म्हणा. मीच म्हणते. मागच्या वर्षी मार्चमध्ये असंच पत्र होतं, तेव्हा भिंत यादीत सहावी होती आणि पाचच मागण्या जाणार होत्या. मला माहीत होतं. न वाचता सही केली असं मी आईला सांगितलं, पण वाचलं होतं मी. भिंत वगळणारा शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. त्याच आठवड्यात माझा इंटरव्ह्यू होता. म्हटलं, एका सहीने काय होतंय, माझी सही नसती तरी गेलंच असतं पत्र. आणि मे महिन्यात मावशींनी विचारलं, आंब्याची फोड हातात ठेवत विचारलं, ‘ईशू, यादीत आपली भिंत आहे ना गं?’ मी म्हटलं, आहे. जानेवारीत त्यांच्या घरातून मी बादल्यांनी पाणी काढत होते आणि त्या मला म्हणत होत्या, ‘असू दे, यादीत आहे ना, होईल.’

हे मला इथे बोलायचं नव्हतं. ठीक आहे. बोलले.

तर ऐका. मी सही करणार नाही. राजीनामा नाही देत, सेक्रेटरी राहूनच सही करणार नाही, म्हणजे मंडळाचं पत्र जाणार नाही, आणि तुमच्या ‘एकमुखाने’मधलं एक मुख कमी होईल. पाठिंबा एकमुखी नसला की नियमाने बुधवारी कमिटीला उघड चर्चा करावी लागेल, आणि तिथे कुठल्याही नागरिकाला तीन मिनिटं बोलता येतं — मी नाव नोंदवलंय. नोकरीचं तुम्हाला काय करायचं ते करा. लंडन ‘नाही’ म्हणू दे. कागदावर, सहीशिक्क्याने म्हणू दे. निदान विचारलं तरी जाईल.

आणि मावशींचं नाव हवंच असेल अनुमोदक म्हणून, तर त्यांनाच विचारू या ना. रविवारच्या ह्या वेळेला जाग्या असतात. नाही काका, फोन नाही ठेवत मी, स्पीकरवर टाकलाय. तुम्हीच विचारा — मावशी, तुम्हाला भिंत नकोय ना, पॅव्हिलियन हवाय ना. एवढंच वाक्य. सोपं आहे.

हॅलो, मावशी? हो, मी ईशानी. नाही, सगळं ठीक आहे. मंडळात आहे. मागच्या वर्षीचं एक मला तुम्हाला सांगायचंय, संध्याकाळी येऊन सांगते — पण आधी सतीशकाकांना काहीतरी विचारायचंय तुम्हाला. हो, काकाच. देते हं.

घ्या काका.

बोला ना. श्यामलाकाकू, तुम्ही? वैजयंतीकाकू?

नाही मावशी, लाइन नाही कट झाली. सगळे इथेच आहेत. सहाच्या सहा जणं बसलीयेत. हो, मी ऐकतेय. कुणी बोलत नाहीये.