पुसलेली धूळ

माझी बायको अहिल्या गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी आधी पार्किंगची पावती शोधत बसलो. आता घरी बोलायला कोणी नाही, म्हणून मेट्रोत दुसऱ्यांचं ऐकतो. काल द्वारकेच्या गाडीत शेजारी एक मराठी जोडपं होतं.

"वीस रात्री गच्चीवर बसून त्या मरणाऱ्या ताऱ्याभोवतीचा तेजोमेघ टिपलास, आणि फोटोत नुसते डाग?"

"कॅमेऱ्यातल्या धुळीचे आहेत, संपदा. शेवटी त्याच धुळीसकट पांढऱ्या कापडाचा फोटो घ्यायचा असतो. त्यावरून कॉम्प्युटर डाग काढतो."

"मग घेतला नाहीस?"

"घेतला ना. पण आधी कॅमेरा स्वच्छ पुसला."

"अच्छा! घरात कधी फडकं हातात घेत नाहीस, आणि घेतलंस ते नेमकं तेव्हा!"

"गाढव आहे मी, बिल्कुल."

"आता तो तारा थांबेल का तुझ्यासाठी?"

"थांबेल. त्याला मरायला अजून हजारो वर्षं लागतील."

"नशीबवान आहे त्याची बायको."

"यार, या वेळी तू पण चल ना वर."

"चलो, येते. किती रात्री राहिल्यात?"

"सगळ्या."