टॉरी वासिलिशिन कोणत्या वाटेने गेला असावा, याबाबत

मी, ग्वेन हॉल्डरसन, वय ६४ वर्षे, निवृत्त शिक्षिका (विषय : भौतिकशास्त्र), राहणार एल्म रस्ता, हॅलरवूड, प्रांत सस्कॅचेवान. आज शनिवारी सायंकाळी स्वतःहून ठाण्यात आले असून समक्ष सांगते की,

टॉरी वासिलिशिन, वय ३१, हा आमच्या गावच्या बर्फावरील हॉकी संघात बचावपटू आहे. तो धान्याच्या कोठारावर काम करतो आणि गावाबाहेरच्या शेतावर आईजवळ राहतो. मी त्याला शाळेत शिकवले आहे. उद्या अंतिम सामना आहे. त्यात टॉरीला घ्यावे की वेगाने धावणाऱ्या नव्या खेळाडूला, यावर गावात आठवडाभर वाद चालू आहे.

आज दुपारी संघाचा सराव होता. थंडी उणे छत्तीस अंश होती. अशा थंडीत उभ्या गाडीचे इंजिन विजेवर गरम ठेवावे लागते. नाहीतर गाडी सुरू होत नाही. रिंकबाहेर, म्हणजे बर्फाच्या मैदानाबाहेर, त्यासाठी खांबांवर प्लग आहेत, पण ते गाड्यांच्या मानाने कमी आहेत. म्हणून येणारा माणूस आधीच्या गाडीची तार काढून स्वतःची लावतो. मात्र बर्फावर उतरलेल्या खेळाडूच्या तारेला कोणी हात लावत नाही, असा आमचा रिवाज आहे.

आम्ही काहीजण रिंकच्या उपाहारगृहात बसलो होतो. टायरचे दुकान चालवणारे लॉर्न फ्रीसन तिथे आले ते हसतच आले. म्हणाले, "टॉरीची तार काढून माझी लावली. बाकावर बसणाऱ्याला कसली आलीय वीज!" सगळे हसले. मीही हसले.

नंतर वाद सुरू झाला. काउंटरमागे उपाहारगृह चालवणारी बर्निस पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, तळत होती. लॉर्न म्हणाले, "बाई, मला नापास केलंत आणि या ठोंब्याला पास करताय होय?"

मी म्हणाले, "लॉर्न, उत्तरपत्रिका कोरी देणाऱ्याने बोलू नये. नीट ऐक."

माझी पद्धत अशी, की समोरच्याचे जे खरे आहे ते आधी सगळे मान्य करायचे, आणि मग आपले मांडायचे. त्याप्रमाणे मी मोठ्याने सांगितले की, टॉरीला वेग नाही. त्याला चटकन वळता येत नाही. तिसरे म्हणजे, तो एकदा आडवा पडला की त्याला उठायला फार वेळ लागतो.

याच वेळी माझ्या मानेला गार वारा लागला. बर्निस ओरडली, "दार लावा रे कोणीतरी!" दार लागले. माझी पाठ दाराकडे होती. लॉर्न तोंड दाराकडे करून बसले होते आणि ते एकदम गप्प झाले. त्यांच्याजवळ उत्तर उरले नाही, असे मला वाटले. म्हणून मी मिठाची व मिरीची डबी टेबलावर मांडून पुढचा भाग उत्साहाने समजावून सांगितला. त्याला बराच वेळ लागला.

अंधार पडल्यावर टॉरीच्या आईने बर्निसला फोन केला. "पोरगं अजून आलं नाही गं. निघाला का तिथून?" तेव्हा लॉर्न यांनी खाली बघत मला सांगितले, "मघाशी दारात तोच होता. गाडी ढकलायला बोलवायला आला असेल. तुमचं ऐकलं आणि वळला."

आम्ही बाहेर धावलो. टॉरीची गाडी जागेवरच होती आणि फोन तिच्यात पडलेला होता. इतर खेळाडू केव्हाच गेले होते. सरावानंतर गोलजवळचा बर्फ खरवडायला तो नेहमी एकटा मागे राहतो.

जबाब घेणारे अंमलदार ओकीमॉ यांनी मला मध्येच थांबवून म्हटले, "बाई, खेळाचं राहू द्या. आमची गाडी हायवेवर शोधतेय. तुम्हाला काय ठाऊक आहे तेवढं सांगा." त्यावर मी सांगते की, जे ठाऊक आहे ते खेळातच आहे. दार उघडले तेव्हा मी पुढे जे सांगणार होते, ते असे :

टॉरी मोकळ्या बर्फात कधीही शिरत नाही. आपल्याला वेग नाही हे त्याला आपल्या सगळ्यांपेक्षा चांगले कळते. तो मैदानाच्या कडेच्या फळीला खांदा लावून कडेकडेने सरकतो. लांब पडले तरी चालेल, पण पाठ उघडी पडता कामा नये, हा त्याचा खेळ आहे. हायवे जवळचा आहे, पण उघडा आहे आणि आज वारा उत्तरेचा आहे. रेल्वेच्या कडेने बर्फ अडवायचे लाकडी कुंपण आहे, ते कोठाराच्या मागून थेट त्याच्या शेतापर्यंत जाते. तो त्या कुंपणाच्या आडोशाने गेला असणार. तिथे बर्फ कमरेइतका आहे. तो पडला असेल, तर मघाशी मी तिसरे काय म्हणाले होते, ते कृपया पुन्हा वाचावे.

येथे अंमलदार उठले व त्यांनी वायरलेसवर गाडीला रेल्वेकडे वळण्यास सांगितले. त्यामुळे जबाब काही काळ थांबला. लॉर्न फ्रीसन बाकावर बसून होते. ते एकदाच बोलले, "बाई, तार मी परत लावायला हवी होती."

वायरलेसवर प्रथम कळले की कुंपणाला खुणेसारखा हातमोजा अडकवलेला आहे. पुढे दुसरा. नंतर आवाज आला, "सापडला. कुंपणाला पाठ लावून बसलाय. श्वास आहे. बोलत नाही. दोघं या, उचलायला."

त्याचे पाय थंडीने गेले नाहीत ना, असे मी विचारले. वायरलेसवर फक्त त्याला उचलण्याची गडबड ऐकू आली.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. टॉरी ऐकण्याच्या स्थितीत आला की त्यालाही तो वाचून दाखवावा, आणि तिसऱ्या मुद्द्यावर थांबू नये, अशी माझी विनंती आहे.

सही : ग्वेन हॉल्डरसन