एक दोरा लांब

— ते पांढरं कापड ठेव बाजूला, बाई, ते करून झालंय आमचं. तुझ्याआधी तुझ्यासारखाच एकजण, फोनवरची दुकानं चालवायला शिकवणारा, येऊन गेला, म्हणाला पिशवी पांढऱ्यावर ठेवून फोटो काढा, उठून दिसेल — काढला. म्हणाला नाव लांबलचक लिहा, लोकांना सापडेल — लिहिलं सुनेनं, इतकं लांब की पिशवीपेक्षा नावच मोठं. सापडली का? कुठली! फोनवर घासून घासून तिचं बोट झिजलं, पण आमची पिशवी आपली हजार पिशव्यांच्या खाली, तळाला. बाजारात मी कोपऱ्यावर बसायचे ना, तिथं निदान माझा आवाज तरी पोचायचा. या फोनमध्ये हाक कुणाला मारायची? — बस की, उभी का? खुर्चीवर चिंध्या आहेत, टाक खाली. शिंप्याकडचं उरलंसुरलं कापड ते, त्याच्याच पिशव्या होतात. आत मशीन चाललंय, ऐकलंस? ती माझी सून. ती शिवते, मी दोरे कापते. शिवलेली पिशवी इकडे आली की टोकाचे दोरे कापायचे, उलटी करायची, सुलटी करायची, घडी घालायची. सोपं वाटतं ना? बसून बघ एक दिवस. — सुंदर आहे गं तुझा स्वेटर, निळा शोभतो तुला. काळा आहे? बरं, काळा. या खोलीत उजेडच नाही मेला.

मी काय सांगत होते? हां, तारे. आमचे तारे खाली आले म्हणे. आकाशातले नव्हेत, त्या फोनमधले, गिऱ्हाईक देतं ते. आणखी खाली गेले तर महिनाअखेरीला आमचं दुकान बंद — पत्र नाही, माणूस नाही, नुसतं बंद. बाजारात जागा सोडायला सांगायचे तर मुकादम निदान समोर उभा राहून शिव्या तरी द्यायचा, आपल्यालाही दोन देता यायच्या. आणि दुकान बंद झालं की सून चालली गोदामात — त्या फोनमधल्या बाजारवाल्यांच्याच बरं का, दिवसभर उभं राहून दुसऱ्यांची खोकी बांधायला. बोलून आलीये ती तिकडे. मशीन विकायचं म्हणते. माझा मुलगा ट्रक चालवतो, तो घरी येतो पाहुण्यासारखा, जेवतो आणि जातो. ती गोदामात, तो रस्त्यावर — मग मी काय करू? या खिडकीशी बोलू? म्हणून तर तुला बोलावलं. सुनेला ठाऊक नाही मी बोलावलं ते. खालच्या चष्मेवाल्याला फोन लावायला सांगितला. तोही कसला — फोन लावता लावता म्हणतो, आजी, एकदा बसा माझ्या यंत्रापुढे. त्याला काय, गल्लीतलं कुत्रंसुद्धा आंधळं दिसतं!

माझा फोटो? माझा कशाला? माझं तोंड बघून कुणी पिशवी घेणार आहे? मी काय पिशवी तोंडात धरून उभी राहू? ‘आजीच्या हातची’ असं लिहायचं? अगं, पण शिवते ती. पाठ तिची मोडते, आणि नाव माझ्या सुरकुत्यांचं! नाही, खपत असेल, मी नाही कुठे म्हणते. पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? पिशवी चांगली आहे ना? मग पिशवी बघा. — हो, खरंय, त्यांना हात लावता येत नाही. तेच तर दुखणं आहे बाई. दुरून डोंगर साजरे, आणि दुरून सगळ्या पिशव्या सारख्याच.

काय लिहितात गिऱ्हाईकं? मला काय ठाऊक! वाचायला शिकवलंय कुणी मला? आणि सून वाचून दाखवत नाही. विचारलं की म्हणते, काहीही लिहितात हो लोक, तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तूच वाच ना. — काय? दोरे लोंबतात? ‘दोरा लोंबतोय, काम कच्चं’ — असं लिहिलंय? एवढ्यावर तारे कापले? अगं देवा, हसू की रडू! तो दोरा मी मुद्दाम ठेवते!

ऐक. बाजारात मी प्रत्येक पिशवीला तळाच्या कोपऱ्यात एक दोरा लांब सोडायचे. बाकी सगळे कापायचे, तो एक नाही. गिऱ्हाईक आलं की म्हणायचे, ओढा. उसवली तर पिशवी तुमची, फुकट. एकदा एक हमाल आला, मानेवर हा एवढा गड्डा, म्हणतो, म्हातारे — तेव्हा मी म्हातारी नव्हते हं, मेल्याची जीभच तशी — म्हातारे, रडशील. म्हटलं ओढ तर. त्यानं बोटाला गुंडाळून ओढला, नाही. मग दातात धरून ओढला, पाय रोवून, गाढव दावं ओढतं तसा. भाजीवाल्या सौदे टाकून बघायला लागल्या. शेवटी दोरा तुटला, शिवण जागची हलली नाही, आणि हा आपटला मागे, कांद्यांच्या ढिगात! उठला, कपडे झटकले, दोन पिशव्या घेतल्या आणि गेला, पुन्हा म्हातारे म्हणाला नाही. असं उठून दिसायचं दुकान, पोरी. पांढऱ्या कापडानं नाही.

— काय म्हणालीस? चिठ्ठी लावायची? त्या दोऱ्याला, ‘ओढून बघा’ म्हणून? अगं! अगं बाई, हे सुचलं नाही कुणाला! हाच दोरा, लाल ठेवू आपण, लांबून दिसेल असा. आणि हमालाची गोष्ट लिही की तिथं, माझ्या थोबाडाऐवजी! बघ, गोदामात जायचं नावच काढणार नाही ती. थांब, तिला हाक मारते — का? थांबू कशाला? अजून काय आहे त्यात?

फोटो? गिऱ्हाईकानं काढलेला? जवळ धर. अजून जवळ. नाही गं, चकाकतंय सगळं, तूच सांग काय आहे ते. — कोपऱ्यात दोरा, हां, तोच तो. — आणखी? बाजूला पण? बंदाशी पण? मी एकच ठेवते. एकच. बोटांना कळतं मला, डोळ्यांनी कोण बघतंय, कात्रीखाली दोरा तुटला की बारीक आवाज होतो, त्यावरून — दुसऱ्या पिशवीला पण? एकाच माणसाची खोड असेल, ओढून काढले असतील. आणि ते काय? चीर? कापडाला? मग ती मशीननं — मशीन कुठे कापतं गं. मला माहितीये मशीन कापत नाही.

खाली काय लिहिलंय? सुनेनं लिहिलंय? ती उत्तरं देते होय लोकांना? वाच. हळू वाच, आत ऐकू जाईल.

‘दोरे कापण्याचं काम माझ्याकडे असतं. घाई झाली. चूक माझी, माफ करा.’

दुसऱ्यालाही तेच? आणि चिरेवाल्याला? — पुरे. राहू दे.

म्हणजे घडी घातलेल्या पिशव्या नेताना ती विचारते ना, आई, दमलात का, आज राहू दे का — आणि मी म्हणायचे, मी काय मेले का अजून? मला वाटायचं माझ्या कामावर भरवसा नाही तिचा. भांडले मी त्यावरून. शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं भांडले. तिनं मान खाली घालून गठ्ठा उचलला आणि —

मशीन थांबलं. ऊठ तू. फोन ठेव आत. चिठ्ठीचं सांग तिला, लाल दोऱ्याचं, तुझं म्हणूनच सांग, माझं नाव नको. आणि ही कात्री घे. हो, घे, तिच्या टेबलावर ठेव. विचारलं तर म्हणावं, म्हातारीला कंटाळा आला, दुसरं काही नाही. घड्या घालीन मी. घडीला काय लागतं?

आणि हे बघ, खाली उतरलीस की चष्मेवाल्याला म्हणावं, दुकान एवढ्यात बंद करू नकोस. बस, एवढंच. तो समजेल.

जा आता. जा म्हटलं ना.