भट्टीच्या वाटंवरचं 'येऊ दे'

ऐका. आधी त्यो मोबाईल पालथा ठेव बाबा. तुज्या तोंडावर निळा उजेड पडतोय, मलाच भ्या वाटतंय. हां, आस्सं. आन् मी मदी थांबले की 'हूं' म्हनायचं. हुंकार न्हाई आला तर मी समजंन पाव्हनं निजलं, मग गोष्ट अर्धीच ऱ्हाईल. ही गोष्ट अर्धी ऱ्हाऊ नये. का, ते शेवटाला कळंल.

मगाशी तुमी लहानूला काय म्हनलात? 'मामा, आत्ताच सोडा की खिंडीत, रातीच गड चढतो.' त्यो गप बसला. तुमाला वाटलं, कंटाळला. त्यो कंटाळला न्हाई रे बाबांनो. मी त्याची आत्या हाय, मला ठावं हाय त्यो का गप बसला.

तर ऐका. ही गोष्ट लहानूचीच. तवा त्याची जीप नवी व्हती आन् लेकबी नवी व्हती. राही तिचं नाव. अंगावर पिनारी पोर. लहानू तुमच्यावानी गडावर जानारी मान्सं खिंडीपातूर न्यायचा. रस्ता म्हनू नका त्याला, रस्त्याला लाज वाटंल. एका अंगाला डोंगूर, एका अंगाला दरी, आन् मदी दगडगोटं. वळनं अशी की एका दमात गाडी वळतच न्हाई. मागं घ्या, पुढं घ्या, परत मागं घ्या. म्हनून त्याची बायकू झुंबर संगं जायची. खाली उतरायची, गाडीच्या मागं उभी ऱ्हायची, पत्र्यावर दोन थापा मारायची आन् वरडायची, "येऊ द्या… येऊ द्या…" आन् मग एकच थाप. "बस!"

गाव हसायचं. बायकू किलिनर झाली म्हनायचं. हसंना का! दरीत कोन जानार व्हतं, गाव का लहानू?

"येऊ द्या" म्हनायची बरं का. आमच्यात नवऱ्याला अरे-तुरे करत न्हाईत. हसू नका, पोरींनो. ध्यानात ठेवा.

एक दिवस दिवेलागनीला पाव्हनं आलं. पाठीवर ह्या एवढाल्या पिशव्या. म्हनले, आत्ताच सोडा, गडावरनं दिस उगवताना बघायचा हाय. आता दिस काय, आमच्या परड्यातनंबी उगवतो! पर लहानूला न्हाई म्हनता आलं न्हाई. झुंबरनं पोरीला पाजलं, माज्या मांडीवर दिलं. "आत्या, ही उठायच्या आत येतो बघा."

गेली दोघं. जाताना एका धारंच्या दगडानं टायर फाडला. स्टेपनी चढवता चढवता लई येळ गेला. पाव्हन्यांस्नी खिंडीत सोडलं, ती ब्याटऱ्या लावून वर गेली, आन् ही दोघं माघारी फिरली. आता सगळ्या रानात दोघंच. झुंबरची चोळी वली झाली व्हती. आईच्या अंगाला कळतं, लेकराची पाजायची येळ झाली की. ती मुक्यानं रडाय लागली. "आवं, पोर टाहो फोडत असंल वो. आपन भट्टीच्या वाटंनं जाऊ. जवळ पडतं."

लहानूनं ब्रेक दाबला. भट्टीची वाट!

थांबा, ही वाट सांगते. माज्या बापाच्या काळात त्या रानात कोळशाच्या भट्ट्या व्हत्या. कोळसा न्यायला टरक यायचा. टरकावर एक किलिनर व्हता, तरना गडी. चाकाला लावायचा लाकडी ठोकळा कायम त्याच्या खांद्यावर. एका वळनावर डायव्हर टरक मागं घेत व्हता, आन् ह्यो मागं उभा. "येऊ दे… येऊ दे…" मागं सरकता सरकता कातळाला पाठ लागली त्याची. पुढनं टरक, मागनं कातळ. 'बस' म्हनायचं ऱ्हाऊनच गेलं बिचाऱ्याचं. तवापासनं त्यो त्या वाटंवर नुस्ता 'येऊ दे' म्हनतो. बस त्याला येतच न्हाई. हूं म्हना!

लहानूला हे समदं ठावं व्हतं. मीच सांगितलेलं. पर बायकू रडतीया, घरी तान्ही पोर. घातली गाडी भट्टीच्या वाटंला.

पहिल्या वळनावर उजेड फिरला. कडंला एक गडी उभा. खांद्यावर ठोकळा. तोंड डोंगराकडं.

"इतक्या रातीचं कोन वो?" झुंबर म्हनली.

"असंल कोनी लाकूडतोड्या." लहानूनं गाडी पळवली.

दुसरं वळन आलं. उजेड फिरला. त्योच गडी! त्योच ठोकळा! आता दोन पावलं रस्त्याच्या जवळ. तोंड डोंगराकडंच. झुंबरनं डोळं मिटून घेतलं आन् कुळस्वामिनीचा धावा सुरू केला.

तिसऱ्या वळनावर गडी न्हाई. बरं वाटलं दोघांस्नी. पर रस्त्याच्या मदोमद ठोकळा ठिवलेला! लहानू खाली उतरतो व्हय? घातली गाडी त्याच्यावरनंच. धक्का न्हाई, आवाज न्हाई. चाकाखाली काई आलंच न्हाई बगा. आन् मग वास आला. वल्या लाकडाचा कोळसा जळतो ना, तसला कडू वास. भट्ट्या बंद पडून माजं क्यास पिकलं, आन् वास आत्ताचा, ताजा!

तेवढ्यात समोरनं, खालनं, उजेड. दोन दिवं. मोठ्या गाडीचं. घुरघुर करत चढ चढतंय.

आता घाटाचा कायदा असा, की चढत्या गाडीला वाट द्यायची. उतरत्यानं मागं जायचं. लहानूच्या हाताला सवय. त्यानं इचार केलाच न्हाई, की ह्या बंद वाटंला टरक आला कुटनं? भ्यालेला मानूस सवयीनंच वागतो. म्हनला, "झुंबरे, उतर. मागं घेतो."

झुंबर उतरली. पत्र्यावर थाप, थाप. "येऊ द्या… येऊ द्या…" लहानूनं मान खिडकीच्या भाईर काढली, मागं बघत गाडी घेतली. आरशात नुस्ता काळोख. थाप, थाप. "येऊ द्या…" गाडी मागं. "येऊ द्या…" आनिक मागं.

थापा थांबल्या.

लहानूला वाटलं, थापा मारून तिचा हात दुखला असंल. आवाज येतोय की तिचा. झुंबरचाच आवाज, ग्वाड, कानाशी बोलल्यावानी. इंजिनाच्या घरघरीतबी साफ ऐकू येतोय. "येऊ दे… येऊ दे… अजून येऊ दे…"

येऊ *दे*?

अवो, लहानूच्या अंगावर सर्रकन काटा आला! लगीन झाल्यापासनं त्या बाईनं त्याला अरे म्हनलं न्हवतं. तापात बरळली तवाबी 'अवो'च म्हनली व्हती. आन् आता येऊ दे? त्यानं कचकन ब्रेक मारला. मागं खडं घरंगळलं. खाली गेलं, गेलं, गेलं… खाली पोचल्याचा आवाज काई आला न्हाई.

त्यानं वळून पुढं बघितलं. टरकाचं दिवं नाहीसं झालेलं. आन् त्याच्याच गाडीच्या उजेडात, समोर, झुंबर! पदर सुटलाय, हात हालवत पळत येतीया. "थांबा! थांबा वो! मला पुढनं तुमीच हाक मारली ना, मी तिकडं गेले, तर तुमी मागं मागं!"

आन् मागनंबी झुंबरच. "तिचं ऐकू नगं. येऊ दे. येऊ दे."

आता सांगा. पुढं एक, मागं एक. खरी कोन? शब्दानं वळखावं तर, पुढचीनं 'थांबा' म्हनलं खरं, पर मागचीला आता चूक कळली, तीबी म्हनाय लागली, "येऊ द्या, येऊ द्या!" पुढं गाडी घातली आन् ती खरी झुंबर निगाली तर चाकाखाली जाईल. मागं घेतली आन् मागं दरी असली तर दोघंबी. मग राहीला कोन? मी म्हातारी? माज्या मांडीवर पोर निजलेली, आन् मला तर काई पत्ताच न्हाई!

लहानू रडला बरं का. गडी मानूस, स्टेरिंगवर डोस्कं टेकून रडला. आन् तवाच त्याला सुचलं. लोखंड! भुताखेताला लोखंड चालत न्हाई. म्हनून तर बाळंतिनीच्या उशाखाली इळा ठेवतात. त्यो बोंबलला, "झुंबर असशील तर गाडीला हात लाव! थाप मार!"

मागनं आवाज आला, "येऊ द्या."

"थाप मार!"

"येऊ द्या ना…"

थाप न्हाई.

आन् पुढनं, धाड्‌! बॉनेटवर दोनी हात आदळले झुंबरनं. बांगड्या फुटल्या, खळाखळा काचा पडल्या, मनगटातनं रगत आलं. "ही घ्या थाप! ही घ्या! आता तरी थांबा!"

लहानूनं दार उघडलं, तिला आत वढली. पर झालं न्हाई अजून. हूं म्हना. मागनं येऊ द्या बंद झालं, आन् दरीतनं लेकराचं रडू आलं.

राहीचं! तसंच, घसा बसल्यावानी, अधनंमधनं उचकी लागलेलं. झुंबर पिसाळली. "माजी पोर! आवं माजी पोर खाली हाय!" दार उघडून निगाली. लहानूनं तिची येनी धरली. हातात रगताळलेला पदर, येनी मुठीत, आन् एका हातानं गाडी पुढं काढली. ती त्याला चावली. बकोटीला चावली! त्यानं सोडली न्हाई. मागचं एक चाक हवेत फिरत व्हतं म्हनं, तीन चाकांवर गाडी भाईर आली. मग कुटं दगड बघितला न्हाई का खड्डा बघितला न्हाई.

दारात आली ती दोघं, मी उठले. झुंबर माज्या अंगावरच पडली. "आत्या, राही? राही कुटं?"

"अगं हळू! निजलीया. तुमी गेल्यापासनं रडली न्हाई की कुशीवर वळली न्हाई."

झुंबरनं पोरीला उचललं आन् उभ्या उभ्याच पाजलं. रगताच्या हातानं. मी काई इचारलं न्हाई. लहानूच्या दंडावर दात उमटलेलं दिसलं, तवाच कायतरी कळलं मला.

दुसऱ्या दिशी मान्सं घेऊन लहानू तितं गेला. चाकाचा माग कड्याच्या काठापातूर आलेला, आन् अर्धा काठाच्या भाईर. बॉनेटला पोचा पडलाय, त्यो त्यानं अजून ठोकून घेतला न्हाई. सकाळी बघा. आन् झुंबर मागं उभी ऱ्हाऊन घसा फोडून वरडू दे, पत्र्यावर थाप पडल्याबिगर त्यो गाडी बोटभर हालवत न्हाई.

मगाशी तुमाला भाकरी वाढली ना, 'आनिक घ्या दादा' म्हनत व्हती ती पोर? तीच राही. आई-बापाची लाडकी. तिला बघा, मग मला सांगा रातीच खिंडीत सोडा म्हनून.

पहाटं लहानू नेईल तुमाला, सरळ वाटंनं. भट्टीच्या वाटंला दिवसाबी जायचं न्हाई. फाट्यावर कुनी आपल्या मान्साच्या आवाजात 'येऊ दे' म्हनलं, तर काचा वर करा आन् पुढं बघा.

आता निजा. अंहं, थांबा! असंच उठायचं न्हाई. ही गोष्ट उघडी ठेवली की ती येऊ दे, येऊ दे करत मागं मागं येती. त्या बिचाऱ्याचा एक शब्द ऱ्हायलाय, त्यो आपन म्हनायचा. सगळ्यांनी म्हना. ए निळ्या उजेडवाल्या, तुजं तोंड हाललं न्हाई. म्हन.

बस.