सहीतली लाथ

स्मारो : खण उघडा, मालक. मी हात लावणार नाही, नुसती बघणार.

स्तेर्गिओस : मालक म्हणू नकोस. तुझा मालक आता रस्त्याच्या पलीकडचा तो दुसरा दलाल. आणि ती बाबागाडी दारातून काढ, गिऱ्हाइकाला आत यायला वाट नाही.

स्मारो : कुठलं गिऱ्हाईक यायचंय?

स्तेर्गिओस : येतात. घरांच्या दलालीचं ऑफिस आहे हे.

स्मारो : बार्बा-आनेस्तिस यायचेत, अकरा वाजता. त्यांनीच फोनवर सांगितलं, स्तेर्गिओसला आणखी एक सही हवीय म्हणून. गुरुवारी नोटरीकडे त्यांचं खरेदीखत, मग आज सही कशाची?

स्तेर्गिओस : दाखवणीच्या चिठ्ठीची. घर आम्हीच दाखवलं हा कागद नसेल, तर दलाली मागू कशाच्या जोरावर?

स्मारो : ती चिठ्ठी फेब्रुवारीतच झाली. वरच्या गावातलं ते घर मी दाखवलं, सही मी घेतली आणि कागद तुमच्या हातात दिला.

स्तेर्गिओस : सापडत नाहीये.

स्मारो : तुम्हाला? पेट्रोलच्या पावत्या वर्षावर्षाच्या पुडक्यांत बांधून ठेवणाऱ्या माणसाला?

स्तेर्गिओस : जाताना तू पिशवीत काय काय भरलंस, ते मी थोडंच तपासलं!

स्मारो : माझा कप, चपला आणि उलटीच्या गोळ्या.

स्तेर्गिओस : आणि माझ्या गिऱ्हाइकांचे नंबर.

स्मारो : नंबर डोक्यात आहेत. डोकं इथं ठेवून जायला हवं होतं का? सरळ सांगा ना. नव्या चिठ्ठीवर आजची तारीख पडणार. आज मी इथली नाही. म्हणजे त्या घराच्या दलालीत माझा वाटा नाही.

स्तेर्गिओस : असा संशय घेत बसलीस तर दूध आटेल तुझं.

स्मारो : दूध आहे हो, भाडं नाहीये. तो वाटा मिळाला तर सप्टेंबरपर्यंत मी हिच्याजवळ राहीन. नाही मिळाला तर सोमवारपासून मी पलीकडे कामावर आणि ही शेजारणीकडे. दोन महिन्यांची पोर, मालक.

(दाराची घंटी वाजते. हातात बुगात्साचा, गोड पेस्ट्रीचा पुडा घेऊन आनेस्तिस आत येतो; म्हातारा, म्हणून सगळे त्याला बार्बा, म्हणजे काका, म्हणतात.)

आनेस्तिस : अरे वा, दोघं एकत्र! मी तर ऐकलं, तुमचं फाटलं. घ्या, गरम आहे, साखर सांडेल. आणि हीच का ती?

स्मारो : हीच, बार्बा.

आनेस्तिस : थू थू थू, दृष्ट नको लागायला. नाव काय ठेवलंस?

स्मारो : बाप्तिस्मा कुठं झालाय अजून! तोवर नुसती बेबा, म्हणजे बाळी.

आनेस्तिस : आणि धर्मपिता कोण?

स्मारो : ठरला होता. (स्तेर्गिओसकडे बघते.)

स्तेर्गिओस : बार्बा-आनेस्तिस, इथं सही करा आणि मोकळे व्हा.

आनेस्तिस : कसली रे ही?

स्तेर्गिओस : दाखवणीची चिठ्ठी. जुनी गहाळ झालीय.

आनेस्तिस : आणि जुनी उद्या उगवली म्हणजे? माझ्या मेहुण्यानं एकाच घरासाठी दोन चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. दोन दलाल दारात येऊन उभे, दोघांनाही द्यावे लागले. तीस वर्षं बोटीच्या इंजिनाजवळ काढलीत मी, एका पाइपाला दोन तोट्या लावत नाही.

स्तेर्गिओस : माझ्यावर विश्वास नाही तुमचा?

आनेस्तिस : आहे की. म्हणून तर जुनी शोध म्हणतो. ती मी लांबूनही ओळखेन. ही स्मारो पायरीवर बसली होती, धापा टाकत. टेबल नाही, काही नाही. म्हणून चिठ्ठ्यांची वही पोटावर धरली आणि म्हणाली, करा सही. मी पेन टेकवतोय तोच आतून अशी लाथ बसली की पेन थेट कागदाबाहेर! माझ्या नावाला ही एवढी शेपटी.

स्मारो : आणि तुम्ही माफी मागितलीत. पोटाची.

आनेस्तिस : मागणारच. झोपेतून उठवलं ना तिला. स्तेर्गिओस, ती शेपटीवाली चिठ्ठी बघितल्याशिवाय गुरुवारी मी काही नोटरीकडे येत नाही.

स्तेर्गिओस : अहो, घर हातचं जाईल!

आनेस्तिस : जाऊ दे. तसेही जिने फार आहेत. समोर कॉफी घेत बसतो. माझी कॉफी लवकर संपत नाही, पण संपते.

स्मारो : गेले. आता खण उघडा.

स्तेर्गिओस : खणात नाहीये.

स्मारो : मग?

स्तेर्गिओस : कोटात. आतल्या खिशात.

स्मारो : कधीपासून?

स्तेर्गिओस : तू गेलीस तेव्हापासून. फाडायला काढली होती. दोनदा.

स्मारो : मग फाडली का नाहीत?

स्तेर्गिओस : ती शेपटी कशाची ते तूच सांगितलं होतंस, इथंच, हसत हसत. आणि पोर झाल्याचं मला पाववाल्याकडून कळलं, स्मारो. पाववाल्याकडून!

स्मारो : पोट घेऊन गिऱ्हाइकापुढे येऊ नकोस, म्हणाला होतात.

स्तेर्गिओस : जिने होते म्हणून म्हणालो.

स्मारो : जिन्याचं नाव नव्हतं काढलंत.

स्तेर्गिओस : नसेल काढलं. थांब, झेरॉक्स काढून देतो.

स्मारो : मला मूळ चिठ्ठी द्या. झेरॉक्स तुम्ही ठेवा.

स्तेर्गिओस : अजून संशय?

स्मारो : आहे. इकडे द्या. हं... अगं उठलीस? आले, आले, बाळा.

स्तेर्गिओस : रडतेय ती. दोन्ही हातांनी घे तिला, चिठ्ठी मी धरतो तोवर.

स्मारो : नको. चिठ्ठी माझ्याकडेच राहू दे. तिला तुम्ही घ्या. मानेखाली हात ठेवा.