मंडळानं पार पाडलेली कार्यं

हसा लेकहो, पण मंडळाची सायकल माह्याच अकलेनं गेली. झरीकडच्या जंगलमजुरांचं आम्ही मंडळ काढलं होतं. गावोगाव फिराले सायकल पाहिजे म्हणून यवतमाळच्या एका शेठच्या ट्रस्टकडं अर्ज केला. चौथी पास मी एकटाच, म्हणून फारम मीच भरला. त्यात विचारलं होतं, "आजवर किती कार्यं पार पाडली?" मी ऐटीत लिहिलं, "तीन. दोन पोरी, एक पुतण्या."

फारम वाचून ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणाले, "अहो, ही तर लग्नं!"

"मंग कार्य म्हंजे दुसरं काय असते जी?"

"यात मंडळानं काय केलं?"

"वाढलं ना साहेब! पंगतीतून एक माणूस उपाशी उठला नाही."

सायकल नामंजूर झाली. सेक्रेटरीनं मात्र आपल्या पोरीच्या लग्नात वाढाले अख्खं मंडळ बोलावलं. गेलो ना जी, पायीच गेलो!