जाळीवरचा गणपती

“‘जाळीला लेप अंधारातच लावा बरं का, ऊन लागलं की दगड होतो,’ तुझी माय बजावायची.”

केजच्या बसस्टँडवर शिवम्मा जप करत होती, पण मागच्या बाकावरच्या बापलेकीचं बोलणं कानावर येतच राहिलं.

“अप्पा, पत्रिका छापायची एकच धड जाळी, स्क्रीन उरलीय. तिच्यावर मायनं काढलेला गणपती हाय.”

“हाय की. बाकीचा लेप उन्हानं घट्ट झाला, मायच्या रेघांखालचा तेवढा पाण्यानं निघाला. तिथून शाई झिरपून किती पत्रिकांवर उतरला तो!”

“मग नव्या मजकुरासाठी तो पुसता कावून? सोमलिंगकाकाच्या पोरीची पत्रिका बीडला कंप्युटरवर होईल.”

“माझ्या हातानं छापीन, असा शब्द दिलाय मी. जीव जाताना माझा हात धरला होता सोमलिंगनं.”

“मग नवी जाळी आणू औरंगाबादहून.”

“ती येईस्तोवर पोरीच्या लेकराचं बारसं व्हईल!”

“हसू नका. मायचा गणपती परत येणार न्हाई.”

“न्हाई येणार. ब्लीचिंगनं जुना लेप विरघळतो, नवा लावला की उन्हात पुन्हा बसतो. मायची रेघ न्हाई बसत.”

“तरी पुसणार?”

“गाडी लागली तर थांबव, रुद्राणी.”

अप्पांनी पायात चपला सरकवल्या आणि ब्लीचिंग पावडर आणायला ते बाजाराकडे निघाले.